जुन्या लष्करी रायफली : जतन आणि फेरफार

जुन्या लष्करी रायफली : सैन्याच्या वापरातून निघालेल्या व ऐतिहासिक वस्तू म्हणून संग्राह्य ठरलेल्या रायफलींची निगा राखताना, त्या दुरुस्त करताना किंवा त्यांचे रूप पालटताना पाळावयाच्या मर्यादांचा प्रश्न. यात तीन भिन्न क्रिया येतात. जतन म्हणजे वस्तू आहे त्या स्थितीत टिकवून धरणे. पुनःस्थापन म्हणजे गेलेले भाग व रूप परत आणणे. आणि रूपांतर म्हणजे वस्तूला नवे रूप अथवा नवा उपयोग देणे. व्यवहारात मात्र ‘साफसफाई’ या एकाच नावाखाली तिन्ही क्रिया होतात आणि बहुतेक हानी त्यामुळेच होते.

ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यात हा प्रश्न परका नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणनजीक मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वस्ती झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. जवळच अंबरनाथ येथे युद्धसामग्रीचा सरकारी कारखाना असून धातुकामात मुरलेले कामगार या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. ०·३०३ इंची (७·७ मिमी.) ली-एन्फील्ड ही ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने येथील जुन्या छात्रसैनिकांना व पोलिसांना हातातील वस्तू म्हणून परिचित आहे, नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्याच्या वेळीही काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती.

कोणत्याही पुनःस्थापनेपुढचा पहिला प्रश्न, ‘मूळ रूप’ कोणते, हा होय. लष्करी शस्त्राच्या बाबतीत त्याचे उत्तर सरळ नसते, कारण फेरफार करणारा पहिला कारागीर बहुधा सरकारच असते. १८५३ च्या नमुन्याच्या, तोंडाकडून ठासण्याच्या एन्फील्ड रायफली १८६६ पासून स्नायडर पद्धतीने मागून भरण्याजोग्या करण्यात आल्या. त्याआधी, १८५७ च्या उठावानंतर, हिंदी शिपायांसाठी याच एन्फील्डची एक वेगळी आवृत्ती काढण्यात आली. तिच्या नळीत सर्पिल खाचा (आटे) नव्हत्या. नळी गुळगुळीत असल्याने तिचा पल्ला व अचूकता गोऱ्या सैनिकाच्या रायफलीहून कमी पडे. दिसायला दोन्ही शस्त्रे जवळजवळ सारखीच. अशी एखादी बंदूक आज हाती आली आणि तीत आट्यांची नळी बसवून ती ‘मूळ एन्फील्ड’ केली, तर वस्तू अधिक देखणी होईल. पण राज्यकर्त्यांच्या अविश्वासाचा लोखंडात उमटलेला पुरावा कायमचा जाईल. येथे उणीव हेच वस्तूचे मर्म आहे.

विसाव्या शतकातही असेच घडले. बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात ली-एन्फील्डची निर्मिती होत असे. पोलीस व पहारेकरी यांच्यासाठी या रायफलीची आटे नसलेली, ०·४१० इंची एकगोळी मस्केट करण्यात येई. लष्करी काडतूस तीत चालू नये, हा त्यामागील हेतू होता. छात्रसेनेच्या कवायतीसाठी झिजलेल्या रायफली निकामी करून त्यांवर ‘डी. पी.’ (कवायतीपुरती) असा शिक्का मारीत. हे शिक्के घासून काढणे म्हणजे त्या रायफलीच्या चरित्रातील एक प्रकरण फाडणे होय. शिवाय ते धोक्याचेही आहे. कारण शिक्का गेला, तरी नळीचा कमकुवतपणा तसाच राहतो. इशापूरमध्येच १९६० नंतरच्या दशकात तयार झालेली ७·६२ मिमी. रायफल वेगळ्या प्रतीच्या पोलादाची होती. ती जुन्या ०·३०३ वरून रूपांतरित झालेली आहे, असा समज अनेक संग्राहकांत आढळतो. तो खरा मानून जुन्या रायफलीत नवे काडतूस चालविण्याचा प्रयत्न करणे जिवावर बेतू शकते.

रायफलीवरील अक्षरे व अंक हा तिचा जन्मदाखला असतो. ली-एन्फील्डच्या दस्त्याजवळील पोलादी कड्यावर मुकुट, राजाच्या नावाची आद्याक्षरे, कारखाना, वर्ष व नमुना कोरलेला असतो. स्वातंत्र्योत्तर इशापुरी रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात. नळी, बोल्ट, नेमपट्टी व टोकाची टोपी यांवर एकच क्रमांक असला, तर ते भाग प्रथमपासून एकत्र आहेत असे समजतात व त्यामुळे परदेशी बाजारात किंमत वाढते. या लोभाने जुना क्रमांक घासून जुळता क्रमांक ठोकण्याची लबाडी सर्रास चालते. वस्तुतः न जुळणारा बोल्ट बहुधा लष्करी कार्यशाळेतील दुरुस्तीची साक्ष असतो आणि त्यात लाजिरवाणे काही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, अमेरिका व कॅनडा येथे स्वस्तात मिळालेल्या लक्षावधी फौजी रायफलींचे लाकूड कापून व नळ्या आखूड करून त्यांच्या शिकारी रायफली करण्यात आल्या. मालकाच्या दृष्टीने तो रोजच्या उपयोगाच्या वस्तूतील बदल होता, आणि वस्तू विपुल असताना त्याला दोष देणे कठीण आहे. आज अशा रायफली पुन्हा लष्करी रूपात आणल्या जातात. ती पुनर्रचना आहे असे उघड सांगितले, तर ती निर्दोष. लपविले तर फसवणूक.

भारतात या नीतीला कायद्याची चौकट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार अग्निशस्त्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय परवान्यावाचून करता येत नाही, कलम ६ नुसार नळी आखूड करण्यास अथवा शस्त्राचा वर्ग बदलण्यास परवाना लागतो आणि कलम ८ ओळखखुणा पुसण्यास वा बदलण्यास मनाई करते. म्हणजे अंबरनाथचा निवृत्त खरादी कितीही कुशल असला, तरी शेजाऱ्याची वडिलार्जित रायफल त्याने घरच्या लेथवर लावू नये. ०·३०३ इंची रायफल व ०·४१० इंची मस्केट ही दोन्ही निर्बंधित बोअरच्या वर्गात मोडतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयात येत असल्याने सर्वसाधारण शस्त्रांचे परवाने तेथे, तर आयुक्तालयाबाहेरील ग्रामीण भागात ते जिल्हाधिकाऱ्यांकडे हाताळले जातात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली व वारसाहक्काची शस्त्रेही या मर्यादेत धरली गेली. आजोबांची बंदूक ठेवावी की जमा करावी, हा प्रश्न त्यामुळे अनेक घरांत उभा राहिला.

खरा पेच याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये आहे. कालबाह्य घडणीची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा मोडकी लहान शस्त्रे दुरुस्तीनंतरही अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नसतील, तर त्यांना अधिनियम लागू होत नाही. सवलत मिळावी म्हणून शस्त्र असे निकामी करावे लागते, की ते परत कधी चालू होऊ नये : नळी बुजवावी, बोल्ट कापावा. याउलट संवर्धनशास्त्राचा पहिला दंडक असा, की केलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा उलटविता आली पाहिजे. सार्वजनिक सुरक्षिततेपुढे हा दंडक मागे पडणार, हे उघड आहे आणि ते योग्यही आहे. परंतु वस्तू दुर्मिळ असेल, तर ती कापण्याऐवजी रीतसर अधिकाऱ्यांकडे जमा करून संग्रहालयाकडे सोपविण्याचा मार्ग अधिक बरा. १९७२ च्या पुराणवस्तू व कलावस्तू अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू पुराणवस्तू ठरू शकते व खाजगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाही. पहिल्या महायुद्धातील रायफलींनी ही वयोमर्यादा ओलांडली आहे. मात्र वय वाढल्याने शस्त्र अधिनियमातून आपोआप सुटका होत नाही.

कायदेशीर ताबा व शस्त्र रिकामे असल्याची खात्री झाल्यावर उरते ती रोजची निगा. ठाण्याची खाडी, वर्षाकाठी सु. २,५०० मिमी. पाऊस आणि चार महिने ओलसर राहणारी हवा यांमुळे येथे पोलाद लवकर गंजते, लाकूड फुगते व पावसाळा सरल्यावर आकसून तडकते. सँडपेपर, तारेचा ब्रश व वाळूचा झोत यांनी गंजाबरोबर शिक्केही जातात. सैन्यात वापरले जाणारे रंगून तेल किंवा तत्सम पातळ खनिज तेल, मऊ फडके व धीर एवढ्यावर बहुतेक काम भागते. दस्त्यावर पॉलिश वा व्हार्निश न चढविता कच्च्या जवसतेलाचा पातळ हात फिरवावा. लाकडावर कुणी शिपायाने कोरलेले नाव, पट्ट्याने पडलेला घासा, कार्यशाळेत बसविलेली पितळी फीत यांना हात लावू नये.

भाग तुटलाच असेल व परवानाधारक कारागिराकडून तो बदलावयाचा असेल, तर नवा भाग एकंदरीत शोभणारा, पण बारकाईने पाहता वेगळा ओळखू येणारा असावा. वास्तूंच्या बाबतीत १९६४ च्या व्हेनिस सनदेने घालून दिलेला हा नियम शस्त्रांनाही लागू पडतो. नव्या भागावर आतील बाजूस वर्ष कोरतात, काढलेला जुना भाग फेकून न देता चिठ्ठी बांधून ठेवतात आणि कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, वापरलेले पदार्थ व दिनांक एका वहीत नोंदवितात. शस्त्र विकले वा हस्तांतरित झाले, की परवान्याच्या कागदांबरोबर ही वहीही नव्या धारकाकडे जावी.