ध्रुवीय समुद्राची राखण: चार दशकांचा मागोवा

६ डिसेंबर १९८१ रोजी ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचे भाड्याने घेतलेले जहाज गोव्यातून दक्षिणेकडे निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ भारतीय अंटार्क्टिकावर उतरले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ७ एप्रिल १९८२ रोजी, अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातील जीवसृष्टी राखण्याचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला. दोन्ही घटना स्वतंत्र होत्या. तरी भारताची ध्रुवीय वाटचाल आणि ध्रुवीय समुद्राच्या राखणीचा इतिहास त्यामुळे एकाच वयाचे ठरतात. या काळाकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. नकाशावर हद्द आखली म्हणून समुद्र राखला गेला, असे कुठेच झालेले नाही. अनेक देशांनी एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे घेतलेल्या आणि एकमेकांसमोर खुल्या ठेवलेल्या नोंदी हाच प्रत्येक राखीव सागरी क्षेत्राचा खरा पाया आहे. ही नोंद एकट्या देशाला ठेवता येत नाही. म्हणून ध्रुवीय समुद्राच्या बाबतीत वैज्ञानिक सहकार्य हाच राखणीचा गाभा आहे, असे माझे मत आहे.

या कराराचे मूळ क्रिलमध्ये आहे. क्रिल हा बोटाएवढा, झिंग्यासारखा जीव. देवमासे, सील, पेंग्विन असे सगळेच त्याच्यावर जगतात. १९७०च्या दशकात सोव्हिएत संघाच्या मोठ्या नौका तो उपसू लागल्या, तेव्हा केवळ एका जातीचा साठा सांभाळून भागणार नाही, तिच्यावर जगणाऱ्यांचाही हिशेब ठेवावा लागेल, हे शास्त्रज्ञांनी पटवून दिले. पण अथांग समुद्रातला क्रिल मोजायचा कसा? १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या परिसंस्था-निरीक्षण कार्यक्रमाने यावर नामी उपाय काढला: क्रिल खाणाऱ्यांनाच मोजायचे. पेंग्विनच्या पिलांचे वजन किती भरले, आईबाप अन्नासाठी किती वेळ समुद्रात राहिले, किती जोड्या वसाहतीत परतल्या, हे वेगवेगळ्या देशांच्या तळांवर एकाच ठरलेल्या पद्धतीने टिपले जाऊ लागले. पद्धत एक असल्यामुळेच एका देशाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी मांडता येतो. २००९ साली दक्षिण ऑर्कनी बेटांजवळचे सुमारे ९४ हजार चौरस किलोमीटरचे पहिले राखीव क्षेत्र याच पायावर मंजूर झाले.

खरी कसोटी लागली ती रॉस समुद्रात. हा समुद्र राखीव करण्याचा अमेरिका आणि न्यूझीलंड यांचा प्रस्ताव २०१२पासून दरवर्षी कराराच्या होबार्ट येथील बैठकीत येत होता आणि दरवर्षी अडत होता. २०१३मध्ये त्यासाठी जर्मनीत ब्रेमरहाफेन येथे खास बैठक बोलावली, तीही निष्फळ ठरली. या करारात निर्णय सर्वसंमतीनेच होतात. एका देशाने नकारार्थी मान हलवली तरी सगळे थांबते. अखेर चीन राजी झाला, त्यानंतर रशियाही, आणि ऑक्टोबर २०१६मध्ये ठराव संमत झाला. १ डिसेंबर २०१७पासून सुमारे १५.५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट विस्ताराचा समुद्र ३५ वर्षांसाठी राखीव झाला. दरवाजा उघडला तो राजकारणाने, हे कबूलच केले पाहिजे. पण तो उघडला त्या क्षणी न्यूझीलंड, अमेरिका आणि इटलीच्या शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे जमवलेल्या ॲडेली पेंग्विन, सील आणि टूथफिश माशांच्या नोंदी तयार होत्या. कोणता भाग पूर्ण बंद ठेवायचा आणि कोणत्या भागात अभ्यासासाठी मर्यादित मासेमारी चालू ठेवायची, हे त्यामुळेच ठरवता आले. मासेमारी चालते तिथेही नौकांना पकडीच्या प्रत्येक टनामागे किमान एक टूथफिश खूण लावून परत सोडावा लागतो. तोच मासा पुढे दुसऱ्या देशाच्या गळाला लागला की साठ्याचा अंदाज बांधता येतो. मासेमार आणि शास्त्रज्ञ एकाच नोंदीत असे सहभागी झाल्याची उदाहरणे जगात फार नाहीत.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. पुरावा असूनही काम होत नसेल तर पुराव्याचा उपयोग काय? फेब्रुवारी २०२१मध्ये ‘पोलारस्टर्न’ या जर्मन संशोधन जहाजाने वेडेल समुद्राच्या तळाशी बर्फमाशांची सुमारे ६ कोटी घरटी असलेली वसाहत शोधून काढली. इतकी मोठी वसाहत जगात दुसरीकडे आढळलेली नव्हती. तरीही वेडेल समुद्र राखीव करण्याचा प्रस्ताव अडलेलाच आहे, आणि पूर्व अंटार्क्टिकाचाही. रशिया आणि चीन म्हणतात, वैज्ञानिक आधार अपुरा आहे. रॉस समुद्राच्या संशोधन-निरीक्षण आराखड्यालाही कराराच्या वैज्ञानिक समितीने मान्यता दिली, पण करार राबवणाऱ्या आयोगाची संमती मिळालेली नाही. मला यातला अर्धा भाग मान्य आहे: अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचे कित्येक पट्टे अजून नीट मोजलेलेच नाहीत. पण त्यावरचा उपाय अधिक जणांनी मिळून मोजणे हाच आहे. अधिक पुरावा मागणाऱ्याने मोजणीला मात्र नकार द्यावा, हे न्यायाचे नाही. रॉस समुद्राचा अनुभव सांगतो की अडलेला प्रस्ताव चार वर्षांनी सुटू शकतो. त्या दिवसापर्यंत नोंद खंडित होऊ न देणे एवढे शास्त्रज्ञांच्या हाती असते.

दुसरा आक्षेप अधिक उदास करणारा आहे. समुद्रच तापतो आहे, तिथे राखीव क्षेत्राने बर्फ कसा थांबेल? थांबणार नाही, हे खरे. २०२२मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रात वेळेआधी बर्फ फुटल्याने एम्परर पेंग्विनच्या पाच वसाहतींपैकी चारांमध्ये पिले जगली नाहीत, आणि २०२३च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ उपग्रहनोंदींच्या काळातील नीचांकावर होता. पण तापमानाने काय बिघडले आणि मासेमारीने काय, हे वेगळे करायचे असेल तर मासेमारी नसलेला पट्टा तुलनेसाठी लागतोच. २०२५मध्ये क्रिलची पकड ६ लाख २० हजार टनांच्या मर्यादेला भिडली आणि हंगाम मुदतीपूर्वीच बंद करावा लागला. अशा वेळी तो तुलनेचा पट्टा नसेल, तर दोष कुणाचा यावर केवळ वाद रंगतील.

यात भारत कुठे आहे? गोव्यात वास्को येथे १९९८पासून आपले ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. आर्क्टिकमध्ये स्वालबार्डवर २००८ साली ‘हिमाद्री’ हे केंद्र सुरू झाले आणि २०१४मध्ये तिथल्या कोंग्सफियोर्डमध्ये नॉर्वेच्या साथीने समुद्राचे तापमान व क्षारता वर्षभर टिपणारी उपकरणे पाण्याखाली बसवली गेली. २०१२मध्ये उभारलेले ‘भारती’ केंद्र पूर्व अंटार्क्टिकात प्रिड्झ उपसागरापाशी आहे, आणि राखीव करू घातलेले मॅकरॉबर्टसन व ड्रायगाल्स्की हे पट्टे त्याच्या दोन बाजूंना येतात. २०२१मध्ये भारताने पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल या दोन्ही प्रस्तावांना पाठिंबा जाहीर केला, मे २०२४मध्ये अंटार्क्टिक कराराची बैठक कोचीत भरवली. भूमिका योग्यच आहे. पण शेजारच्या समुद्रातील जीवांची सलग, दरवर्षीची नोंद सर्वांसमोर ठेवली तरच त्या पाठिंब्याला वजन येईल. ‘भारती’सारखी मोक्याची जागा फार थोड्या देशांकडे आहे.

लातूर-नांदेडच्या वाचकाचा प्रश्न मला ऐकू येतो. एप्रिल २०१६मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाने पेंग्विनच्या वजनाची काळजी का करावी? एक उत्तर पावसात आहे. गोव्यातील याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये दाखवले की आर्क्टिकच्या कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतातील सप्टेंबरअखेरची अतिवृष्टी यांच्यात संबंध असू शकतो. संबंध अजून शक्यतेच्या पातळीवर आहे, त्याला भाकीत म्हणता येणार नाही. पण काढणीला आलेले सोयाबीन सप्टेंबरअखेरच्या पाण्यात जाणे म्हणजे काय, हे २०२१मध्ये मराठवाड्याने ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या पावसात पाहिले. दुसरे उत्तर किल्लारीत आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपापर्यंत हा भूभाग स्थिर मानला जात होता, भूकंपमापकांचे जाळे विरळ होते. १९९२च्या ऑक्टोबरात तिथेच धक्के बसले होते, तरी ते पुढच्या संकटाची खूण म्हणून वाचले गेले नाहीत. सुमारे १० हजार माणसे गेली. नंतर जर्मन आणि अमेरिकन शास्त्रज्ञ आले, आपल्या भूभौतिकी संस्थेने किल्लारीत खोल विंधनविवर घेतले, उत्तम अभ्यास झाला. मात्र आधीची नोंद नंतर कितीही सहकार्य झाले तरी मिळत नाही.

खर्चाचा मुद्दा उरतो. पाणी आधी की ध्रुव आधी, अशी निवड करण्याची वेळ सहसा येत नाही. ध्रुवीय संशोधनावरचा खर्च थांबवल्याने मांजरा धरण भरणार नाही. उलट आपल्या पावसाचे गणित सोडवण्यासाठी जी मोजमापे लागतात, त्यांतली काही तिकडेच घ्यावी लागतात. वास्कोच्या केंद्राच्या मोहिमांमध्ये देशभरातील विद्यापीठांना प्रस्ताव पाठवून सहभागी होता येते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि लातूरच्या विज्ञान महाविद्यालयांनी आपल्या प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या वाटेची माहिती आवर्जून द्यावी. रॉस समुद्राचा पहिला दहावार्षिक आढावा २०२७मध्ये व्हायचा आहे आणि आजची राखण २०५२पर्यंतच आहे. त्यानंतरच्या निर्णयाला लागणाऱ्या नोंदी ठेवणारी पिढी आज महाविद्यालयात आहे.