धूर गेला कुठे? विजेच्या गाडीचा जमाखर्च

हिरव्या पाटीच्या गाड्या आता आपल्या वस्तीच्या रस्त्यावरूनही धावू लागल्या आहेत. ‘ना धूर, ना प्रदूषण’ असा त्यांचा गाजावाजा चालतो. वाचक बंधू-भगिनींनी हा हिशेब एकदा तपासून पाहावा असे आम्हांस वाटते.

आम्ही पडलो कारकून, म्हणून आधी आकडे मांडतो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (पेट्रोलच्या वजनाहून जास्त, कारण जळताना ते हवेतला प्राणवायू ओढून घेते.) लिटरला १५ किलोमीटर जाणारी कार धरली तर किलोमीटरमागे १५० ग्रॅम झाले. पेट्रोल शुद्ध करणे, टँकरने आणणे, याचा धूर वेगळाच. विजेची कार एका युनिटवर साधारण ६ किलोमीटर जाते. परंतु आपली बहुतांश वीज कोळशावर तयार होते आणि युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास वायू सुटतो. म्हणजे किलोमीटरला ११५-१२० ग्रॅम. फायदा आहेच, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. सौर वीज वाढेल तसा तो वाढेल, हेही खरे.

हमरस्त्याला लागून ज्यांची घरे आहेत, त्यांना नळकांड्याचा धूर बंद होणे ही मोठीच गोष्ट आहे. मुलांचा खोकला काय असतो हे त्यांच्या आयांना विचारा. पण तो खर्च खात्यातून पुसला गेला नाही, दुसऱ्याच्या नावे पडला. चंद्रपूरचे वीज केंद्र २९२० मेगावॅटचे. त्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या नशिबी कोळशाची धूळ आणि राख आहे. नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या राखेचा खसाळा येथील बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला आणि राखेचे पाणी शेतांत, नाल्यांत शिरले. त्या शेतकऱ्यांच्या दारात विजेची कार नव्हती.

बॅटरीचे खाते आणखी दूरचे. पुष्कळ बॅटऱ्यांत कोबाल्ट लागते. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगो देशातून निघते. तेथील खाणींत लहान मुले राबतात, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ च्या अहवालात उघड केले. आता लोह-फॉस्फेटच्या, कोबाल्ट नसलेल्या बॅटऱ्याही आल्या आहेत. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत त्याच असतात. पण कोणतीही बॅटरी बनवताना बराच कार्बन खर्ची पडतो. गाडी जितकी धावेल तितके ते कर्ज लवकर फिटते. दिवसभर पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या कारचे कसे फिटणार?

बस मात्र दिवसभर धावते. एस.टी.ने जून २०२२ मध्ये पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला विजेवरची ‘शिवाई’ सोडली. मुंबईत बेस्टची विजेवरची डबलडेकर २०२३ पासून फिरते. एका बॅटरीवर चाळीस-पन्नास माणसे कामाला जातात. आपल्या जवळच्या डेपोत अशा किती बसेस आल्या आणि त्या कोणत्या मार्गावर दिल्या, हे मंडळाच्या पुढच्या बैठकीत जरूर विचारावे.