घरचा सर्व्हर बाहेरून का दिसत नाही?

घरातल्या रास्पबेरी पायवरची वेबसाइट घरच्या वाय-फायवर झटकन उघडते, मोबाइल डेटावर मात्र नाही. १९२.१६८ने सुरू होणारा तिचा पत्ता घरापुरताच असतो. जगाला दिसतो तो राउटरचा सार्वजनिक पत्ता.

म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करावे लागते. ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर आलेली मागणी मग थेट सर्व्हरकडे जाते.

खरी अडचण वेगळीच आहे. आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्याने अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर फॉरवर्डिंग करून उपयोग नाही. तिथे आयपीव्ही६, किंवा घरातूनच बाहेर जोडणी करणारा क्लाउडफ्लेअर टनेल कामी येतो.

सर्व्हर फक्त घरच्यांसाठी असेल, तर पोर्ट उघडूच नये. टेलस्केलसारखे व्हीपीएन पुरते.