कवडशातले फुलपाखरू

दाट झाडीखाली जमिनीवर पडलेले उन्हाचे कवडसे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. युरोपातील जंगलांत या कवडशांसाठी भांडणारे एक फुलपाखरू आहे. इंग्रजीत त्याला 'स्पेकल्ड वुड' म्हणतात. शास्त्रीय नाव पारार्जे एजेरिया. तपकिरी पंखांवर फिकट ठिपके, जणू पंखांवरच कवडसे पडले आहेत!

नर एखादा कवडसा बळकावून मादीची वाट पाहतो. दुसरा नर आला की दोघे गिरक्या घेत वर उडतात आणि काही सेकंदांत पाहुणा निघून जातो. निक डेव्हिस यांनी ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात याचा अभ्यास केला व तो १९७८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी जागेच्या मालकाला जाळीत पकडले. थोड्याच वेळात तिथे दुसरा नर येऊन बसला. मग पहिल्याला सोडले, तर या वेळी तोच हरला! एस.टी.तल्या रुमाल टाकलेल्या जागेची आठवण यावी, असाच हा कायदा.

आता ठिपक्यांचा रंग पाहू. दक्षिण युरोप व उत्तर आफ्रिकेत ते नारिंगी असतात, तर मध्य व उत्तर युरोपात पिवळसर पांढरे. म्हणून या जातीच्या दोन उपजाती मानल्या गेल्या : दक्षिणेकडची एजेरिया आणि उत्तरेकडची टर्सिस. एकाच जातीचे, पण वेगळ्या प्रदेशात राहणारे आणि ओळखू येण्याइतके वेगळे दिसणारे गट म्हणजे उपजाती. त्यांचा आपापसांत संकर होऊ शकतो. त्यामुळे दोन्ही प्रदेश जिथे भिडतात, तिथे मधल्या रंगाची फुलपाखरे सापडतात. त्यांना कोणते नाव द्यायचे? नकाशावर रेघ ओढणे सोपे. फुलपाखराला ती दिसत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. पेशीतील तंतुकणिकांमध्ये थोडा डीएनए असतो व तो आईकडून मिळतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या डीएनएची तुलना केली गेली. रंगावरून पाहिले तर दक्षिण युरोपातील नारिंगी फुलपाखरांचे सख्खे नाते आफ्रिकेतल्या नारिंगी भाऊबंदांशी असायला हवे. प्रत्यक्षात ती उत्तरेकडच्या फिकट ठिपक्यांच्या फुलपाखरांना अधिक जवळची निघाली. मोठी फट होती ती युरोप आणि आफ्रिका यांच्यात. म्हणजे भूमध्य समुद्राने जे वेगळे केले, ते आपण रंग पाहून एकाच नावाखाली ठेवले होते. आमच्या मते उपजातींची नावे म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. कोणत्या प्रदेशात काय दिसते, हे ती नेमके सांगतात. कोण कोणाचा वंशज, हे मात्र त्यांना विचारू नये.