समजून घ्या: गाडी स्वस्तात दोन इंच उचलायची, पण नेमकी कुठून?

जूनमध्ये दोन दमदार पाऊस झाले की पैठण, गंगापूर, वैजापूर तालुक्यांतले पाणंद रस्ते ओळखू येत नाहीत. काळी माती फुगते, ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा जीपच्या पोटाला घासू लागतो. मग छत्रपती संभाजीनगरच्या गॅरेजांत एकच मागणी सुरू होते: ‘गाडी दोन इंच उचलून द्या, पण स्वस्तात.’ काम स्वस्तात होतेही. मात्र उंची नेमकी कुठे वाढली हे न पाहता पैसे घातले, तर गाडी दिसते उंच आणि अडकते पूर्वीच्याच जागी.

उंची म्हणजे कोणती उंची?

गाडीचा सर्वांत खालचा टणक भाग आणि जमीन यांतले अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. कंपनीच्या आकड्यांनुसार बोलेरोचे ते १८० मिलिमीटर आहे, तर २०२० साली आलेल्या थारचे २२६ मिलिमीटर. या गाड्यांना मागे अखंड एक्सल असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियलची गोल पेटी लोंबते. चाकोरीत उंचवट्याला आधी टेकते ती हीच पेटी.

एक्सल टायरवर टेकलेला असतो आणि स्प्रिंग त्याच्या वर असते. म्हणून स्प्रिंग कितीही उंच केली, तरी एक्सल होता तिथेच राहतो. वर जाते ती चासी, फुटबोर्ड, डिझेलची टाकी आणि बंपर. एक्सलची उंची वाढवायची, तर उपाय एकच: मोठा टायर.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. गाडी चाकोरीत एक्सलवर बसत असेल, तर टायर पाहा. शेताचा बांध किंवा दगडी उतार ओलांडताना बंपर नाही तर पोट घासत असेल, तर सस्पेन्शन पाहा.

खर्च करण्याआधी काय तपासावे?

अनेक जुन्या गाड्यांना उचलण्याची नव्हे, पूर्वीच्या उंचीवर आणण्याची गरज असते. वर्षानुवर्षे ओझे वाहून स्प्रिंग बसते. सपाट जागी गाडी उभी करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना टेपने मोजा आणि त्याच मॉडेलच्या नव्या गाडीशी ताडून पाहा. एक-दीड इंचाचा फरक निघाला, तर कंपनीच्या मूळ मापाच्या नव्या स्प्रिंग टाकणे हा सर्वांत सरळ उपाय. त्यात ना कायद्याची अडचण, ना वॉरंटीची.

दुसरे, वजन उतरवा. पुढचा लोखंडी बुलगार्ड, टपावरचा कॅरियर, डिकीत कायम पडलेले सामान यांनी गाडी दबते. बुलगार्ड लावण्यास तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली आहे. तो काढला की पुढची बाजू थोडी तरी वर येते, तीही फुकटात.

पाटे असलेल्या गाडीला कोणते उपाय?

जुन्या जीप, एमएम ५४०, जिप्सी यांना पुढे-मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग असतात. बोलेरोला मागे पाटे आणि पुढे गुंडाळीची स्प्रिंग असते. स्वस्त उपायांना सर्वाधिक वाव पाट्यांतच आहे.

लांब शॅकल: पाट्याचे एक टोक शॅकलवर झुलते. शॅकल दोन इंच लांब केली, तर ते टोक दोन इंच वर जाते. मध्यावरच्या एक्सलपाशी मात्र उंची साधारण एकच इंच मिळते. शिवाय एक्सल किंचित फिरतो. पुढच्या पाट्यांना असे केले की स्टिअरिंग हलके होते आणि वेगात गाडी सरळ धावत नाही.

जादा पाटा: जुडग्यात एक पाटा वाढवला की गाडी उचलली जाते आणि ओझेही पेलते. ज्यांची गाडी रोज खताची पोती वाहते, त्यांच्यासाठी हा उपाय बरा. रिकामी गाडी मात्र दणके देते आणि खडबडीत जागी चाक अधांतरी राहते.

पाट्यांना पुन्हा कमान देणे: सपाट झालेले पाटे कारागीर ठोकून वाकवतात. कामाची पारख असलेल्या हाताखाली हे टिकते. भट्टीत लाल करून नुसतेच थंड केलेले पाटे मात्र पोलादाचा ताव गमावतात आणि लवकर पुन्हा बसतात.

ठोकळा: पाटा एक्सलच्या वर असेल, तिथे दोन्हींच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळतात. हा उपाय फक्त मागे. पुढे ब्रेकचा जोर जास्त पडतो आणि ठोकळा सरकला तर स्टिअरिंगच हातचे जाते. लाकडी ठोकळा किंवा एकावर एक दोन ठोकळे कधीही नकोत. यू-बोल्ट नवेच घ्या आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळून घ्या.

स्प्रिंगच्या गाडीचे काय?

नव्या थारला आणि जिम्नीला चारही बाजूंना गुंडाळीच्या स्प्रिंग आहेत. इथे स्वस्त उपाय म्हणजे स्पेसर, अर्थात स्प्रिंगच्या किंवा शॉकअपच्या माथ्यावर बसणारी चकती. थारच्या पुढच्या बाजूला स्प्रिंग खालच्या आर्मच्या मधल्या भागावर दाब देते. त्यामुळे एक इंचाची चकती घातली, तर चाकापाशी उंची त्याहून जास्त वाढते. दुकानदाराला ‘चकती किती जाडीची’ असे विचारू नका, ‘गाडी किती उचलेल’ असे विचारा.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर आणखी स्वस्त मिळतात. ते एक-दोन वेटोळी निकामी करतात, म्हणून गाडी कमी दबते. उंची जुजबी वाढते, दणके मात्र भरपूर वाढतात.

आधीच्या थार सीआरडीईला पुढे टॉर्शन बार होता. त्याचा बोल्ट फिरवला की पुढची बाजू वर येते, सुटा भाग लागत नाही. पण चाकाची खाली झुलण्याची मुभा तितकीच कमी होते आणि बॉल जॉइंटवर ताण येतो.

टायरचे गणित काय?

बोलेरोचा २१५/७५ आर १५ टायर साधारण ७०४ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला, तर व्यास ७३४ मिलिमीटर होतो. व्यास ३० मिलिमीटरने वाढला, तरी एक्सल उचलला जातो त्याच्या निम्मा, म्हणजे १५ मिलिमीटर. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८३ च्या पुढे असेल. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो का, हेही पाहावे लागते. टायर झिजलेलेच असतील आणि बदलायचेच असतील, तर मात्र वरचा खर्च फारसा पडत नाही. काळ्या मातीत तर खोल खाचांचा टायर उंचीहून जास्त उपयोगी पडतो. गुळगुळीत टायरला माती लगडली की उंच गाडीही जागेवरच फिरते.

दोन इंचांची खरी किंमत कोणती?

पाणंदीत अडकणारी हीच गाडी दिवाळीत घरच्यांना घेऊन कन्नडचा घाट उतरते, हे विसरता येत नाही. गाडी उलटण्याचा धोका दोन गोष्टींवर ठरतो: चाकांमधली रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची. समजा, रुंदी १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर आहे. तो ५ सेंटिमीटर वर गेला, तर वळणावरची स्थिरता सुमारे ७ टक्क्यांनी घटते. पूर्वी ज्या वेगाने घाटातले वळण घेत होतो, तो वेग आता चालणार नाही.

दुसरा धोका लपलेला असतो. गाडी उचलली की शॉकअप आणि ब्रेकचे होज पाइप तोकडे पडतात. चाक खड्ड्यात लोंबले की होज ताणला जातो, आणि तो फाटला की ब्रेक जातो. प्रोपेलर शाफ्टचा कोनही वाढतो. थरथर जाणवू लागली, तर क्रॉस झिजू लागला असे समजावे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बदल कळवला नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडू शकतो. म्हणून काम काढण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जो टायर देते, तो घेतला तर वादाला जागा कमी राहते.

गॅरेजमधून गाडी नेण्याआधी

सस्पेन्शन या शहराला नवे नाही. दुचाकींचे शॉकअप बनवणाऱ्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे मुख्यालय इथल्याच वाळूजमध्ये आहे. जाणकार कारागीर शोधला तर सापडतो. पैसे देण्याआधी एवढे करून घ्या:

• चासीखाली पक्के स्टँड लावून चाके पूर्ण लोंबू द्या. ब्रेकचे होज सैल दिसले पाहिजेत आणि शॉकअपवर ताण येता कामा नये.
• व्हील अलाइनमेंट करून घ्या. हेडलाइटचा झोत खाली आणा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.
• मोकळ्या रस्त्यावर आधी सावकाश ब्रेक मारून पाहा. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर परत गॅरेजला न्या.

यातले काहीच जमणार नसेल, तर उंचीचा विचार यंदा सोडा. तेच पैसे नव्या स्प्रिंग, चांगले टायर आणि गाडी ओढायचा मजबूत पट्टा यांवर घाला. अडकली, तर शेजारचा ट्रॅक्टर पाच मिनिटांत बाहेर काढेल.