आयर्लंडचा जनावरांचा बाजार आणि 'नशिबाचा पैसा'



बैलजोडी घ्यायला बाजारात गेलं की हेडी आपला हात रुमालाखाली ओढतो, बोटं दाबतो आणि भाव ठरतो. शेजारच्याला आकडा कळत नाही. आयर्लंडात हाच सौदा चारचौघांत, ओरडून व्हायचा.

तिथले जुने बाजार गावच्या रस्त्यावरच भरत. केरी परगण्यात किलॉरग्लिनला ऑगस्टच्या १० ते १२ तारखेला जत्रा भरते. रानातला बोकड धरून त्याला मुकुट घालण्याची तिथे रीत आहे. १६१३ सालच्या परवान्यात त्या बाजाराचा उल्लेख आहे. बॅलिनास्लोचा घोडेबाजार ऑक्टोबरात असतो.

शेतकरी रात्रीच जनावरं हाकत निघे व पहाटे बाजार गाठी. घेणारा मुद्दाम कमी भाव सांगून पाठ फिरवी. मग मधला माणूस, म्हणजे 'टँग्लर', त्याला ओढून आणी. "फरक निम्मा निम्मा करा," म्हणून दोघांचे हात एकमेकांवर आपटायला लावी. तळहातावर थुंकून टाळी दिली की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही. पैसे मिळाल्यावर विकणारा त्यातलेच थोडे घेणाऱ्याला परत देई. जनावर लाभावं म्हणून दिलेला हा 'नशिबाचा पैसा'.

रीत गोड, पण तिच्यात एक खोट होती. वजन नजरेनंच ठरे. व्यापाऱ्याची नजर रोजची, शेतकऱ्याची वर्षातून दोन-चार वेळची. त्यात पैशाची नड, आणि जनावर पुन्हा तेवढी वाट चालवत न्यायचं. व्यापारी हे ओळखून थांबून राही.

१९५० नंतर तिथल्या शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी सहकारी बाजार उभे केले. जनावर काट्यावर चढू लागलं आणि लिलाव उघडा होऊ लागला. रस्त्यावरचे बहुतेक बाजार हळूहळू बंद पडले. नशिबाचा पैसा मात्र नव्या बाजारातही चालू राहिला. म्हणजे माणुसकी ठेवली, अंदाज सोडला.

आपणही हेच धरावं. बैल घेताना जास्तीत जास्त किती द्यायचे ते घरीच ठरवा. दात बघा, जुंपून चालवून बघा, पावती घ्या. उसाची गाडी काट्यावर असताना स्वतः हजर राहा व वजनाची चिठ्ठी वाचूनच घरी जा. काटा आपला आहे, पण डोळाही आपलाच हवा.

— ऊस विकास अधिकारी