मॅटाडोर मोडीत काढण्याआधी

मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर रकाने भरभरून लिहिलं, आणि तो मान तिचाच होता. पण याच शहरात तितकंच राबलेली दुसरी एक गाडी कोणी निरोपही न देता दिसेनाशी झाली. ती म्हणजे बजाज टेम्पोची मॅटाडोर.

काळाचौकी, लालबाग, घोडपदेव या पट्ट्यात वाढलेल्या मधल्या वयाच्या कुणालाही विचारा. शाळेची व्हॅन मॅटाडोर, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी मॅटाडोर, अँब्युलन्सही मॅटाडोर. परळ-लालबागच्या कारखान्यातून पाटावरचा गणपती दादर-ठाण्याला नेणारीही तीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोकणात जाणारी. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती जानेवारी १९९८ मध्ये. त्याआधी गौरी-गणपतीला गावी जायचं तर एसटीच्या रांगेत उभं राहायचं, नाहीतर चार बिऱ्हाडांनी वर्गणी काढून गाडी करायची. मागच्या सीटा काढून खाली गोधड्या पसरायच्या, स्टोव्ह आणि पाण्याची कळशी कोपऱ्यात बांधून ठेवायची, पोरं आडवी करायची आणि रात्रीतून वडखळ, माणगाव, कशेडी घाट करत निघायचं. वाटेत डोळा लागायला लागला की ड्रायव्हर गाडी बाजूला घ्यायचा आणि सगळे त्यातच झोपायचे. कॅम्पर व्हॅन हे नाव तेव्हा गिरणगावात कुणाच्या गावीही नव्हतं, पण गाडीतच राहायचं, शिजवायचं, झोपायचं हे सगळं चाललं होतं.

जगात या प्रकारच्या गाडीचं पुराण फोक्सवॅगनपासून सुरू होतं. बेन पॉन या डच व्यापाऱ्याने एप्रिल १९४७ मध्ये वहीत एक खोक्यासारखं चित्र काढलं, मार्च १९५० मध्ये ती गाडी कारखान्यातून निघायला लागली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात पलंग-कपाटांचा संच बसवला. याच गाड्या घेऊन युरोपातली तरुण मंडळी इस्तंबूल, तेहरान, काबूल करत दिल्लीला आणि पुढे गोव्याला येत. तिच्यावर जगभर पुस्तकं निघाली. आमच्या मॅटाडोरचं घराणं तिच्याइतकंच खानदानी आहे, ते कुणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो.

नगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली. हॅम्बुर्गच्या व्हिडाल अँड सोन टेम्पो-वेर्के या कंपनीशी करार झाला आणि हॅन्सीट ही तीनचाकी निघाली. मॅटाडोर १९६९ मध्ये आली. तिकडे जर्मनीत टेम्पो कंपनी तोवर हॅनोमागच्या आणि हॅनोमाग पुढे डाइमलर-बेंझच्या हाती गेली होती. त्यामुळे जी गाडी आपल्याकडे आकुर्डीच्या कारखान्यातली मॅटाडोर म्हणून धावत होती, तिची सख्खी बहीण जर्मनीत मर्सिडीजचा तारा लावून १९७७ पर्यंत निघत होती. तिच्या जागी तिकडे जी पुढची व्हॅन आली, तीच आपल्याकडे १९८७ मध्ये टेम्पो ट्रॅव्हलर झाली. त्याच व्हॅनवर वेस्टफालियाने ‘जेम्स कुक’ नावाची नामांकित कॅम्पर बांधली. म्हणजे अष्टविनायकाला घेऊन जाणारी आपली ट्रॅव्हलर आणि आल्प्समध्ये मुक्कामाला जाणारी जेम्स कुक एकाच पोटच्या. कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स आहे.

मॅटाडोरचं खरं मर्म तिच्या पुढच्या चाकांत आहे. इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना जाते, त्यामुळे मागे जाणारा लांब शाफ्ट नाही आणि मागे डिफरन्शियलचा लाडूही नाही. म्हणून तिचा तळ जमिनीजवळ ठेवता आला. म्हातारी माणसं सहज चढायची, स्ट्रेचर सरळ आत जायचं, गणपतीची मूर्ती फार उंच उचलावी लागायची नाही. आज तिची कॅम्पर करायची म्हटली तर हाच गुण कामाला येतो, कारण तळ जितका खाली, तितकी आत उभं राहायला उंची जास्त. याचा तोटाही आहे. मागे सामान खच्चून भरलं की पुढची चाकं हलकी होतात आणि पावसात ओल्या चढावर जागच्या जागी फिरायला लागतात. पाण्याची टाकी, बॅटरी ही वजनं शक्य तितकी पुढे का ठेवायची, ते यावरून कळेल.

नंतरच्या गाड्यांतलं डिझेल इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं, २.४ लिटरचं. याच इंजिनावर मर्सिडीजची २४० डी ही मोटार धावली, आणि जर्मन टॅक्सीवाल्यांचा तिच्यावर जीव होता. इंजेक्शन पंप, नोजल, हीटर प्लग, टायमिंग चेन, सगळं हाताने उघडता येतं, कॉम्प्युटर कुठे नाही. हेच घराणं पुढे याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीत गेलं, आणि गावोगावच्या ट्रॅक्समुळे त्याचे सुटे भाग आजही मिळतात. जुनी गाडी जपायला घेणाऱ्याला याहून मोठा आधार नाही.

आता गाडी हाताशी आली तर आधी काय बघायचं? पुष्कळ लोक इंजिन बघतात. मी म्हणेन, पत्रा बघा. इंजिन बांधून मिळतं, कुजलेली चासी मिळत नाही. मुंबईची खारी हवा आणि कोकणचा पाऊस यांनी या गाड्या खालून खाल्लेल्या असतात. दाराची पायरी, चाकावरची कमान, समोरच्या काचेच्या रबराखालची कड, छताची पन्हळ आणि तळावर चिकटवलेल्या रबरी मॅटखालचा पत्रा, हे गंजाचे ठरलेले अड्डे. हातोडीच्या दांड्याने ठोकत जायचं. शाबूत पत्रा खणखणतो, लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला पत्रा बद्द वाजतो. खात्री करायची तर लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवायचा. लांबीचा थर जाड असेल तिथे तो धरत नाही. मग तिथला रंग खरवडायचा. खाली बोट आरपार गेलं तर घाबरायचं नाही, पण पुन्हा लांबीही भरायची नाही. कुजका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, नव्या पत्र्याचा तुकडा घडवून वेल्ड करायचा, आतल्या पोकळीत गंजरोधक सोडायचं आणि मगच प्रायमर. हे काम वेळखाऊ, आवाजाचं आणि कंटाळवाणं असतं, फोटोत दिसतही नाही. पण गाडी वाचते ती इथेच.

इंजिनाची एक जुनी परीक्षा मिस्त्री लोक करतात. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि तोंडावर नुसतंच उलटं ठेवायचं. ते जागेवर थरथरत राहिलं तर ठीक. फेकलं गेलं, तर समजायचं की पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि कॉम्प्रेशन खाली गळतंय. मग धुराचा रंग. काळा धूर पंप-नोजलची तक्रार सांगतो, निळा म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी थंड इंजिनाने थोडा वेळ पांढरा धूर टाकला तर बहुधा हीटर प्लग बदलून भागतं.

असं काम करायला काळाचौकीसारखी जागा नाही, असं मी ठामपणे म्हणतो. हा गिरण्यांचा भाग. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतले कितीतरी फिटर, टर्नर, वेल्डर छोट्या वर्कशॉपांत गेले आणि त्यांनी आपला हात पुढच्या पोरांना दिला. जो भाग बाजारात मिळत नाही, तो नमुना दाखवून लेथवर काढून घ्यायची सवय या भागाला आहे. नवे सुटे भाग ऑपेरा हाऊसला, जुने कुर्ल्याला. आणि रे रोडच्या रुळांपलीकडे दारूखाना, जिथे जहाजं तोडली गेली आणि त्यांचं सामान विकलं गेलं. कॅम्पर बांधणाऱ्याने तिथे एक फेरी मारलीच पाहिजे. जहाजाच्या केबिनमधली कपाटं, कड्या, बिजागऱ्या हलत्या जागेसाठीच बनवलेल्या असतात. खालून दाबल्याशिवाय न उघडणारी पितळी कडी घाटाच्या वळणावर कपाटाचं दार घट्ट धरते. घरातल्या फर्निचरची चुंबकी कडी तिथे टिकत नाही.

नव्या सोयी बसवताना माझं मत स्पष्ट आहे: आधी थांबण्याची सोय, मग झोपण्याची. व्हील सिलिंडर, होज, ब्रेकच्या लोखंडी नळ्या, मास्टर सिलिंडर, हे सगळं नवं. सीट बेल्टचे हुक नुसत्या पत्र्यात न बसवता मागे जाड पट्टी देऊन. वायरिंग जुनं ठेवूच नये. वीसेक वर्षांच्या ठिगळांनी भरलेल्या वायरी हे आगीचं मोठं कारण. त्यानंतर घरातली वीज. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण सव्वा युनिट साठवते. एक पंखा, दोन-चार दिवे, मोबाइल आणि छोटा फ्रिज यांना ती रात्रभर पुरते. छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल असेल, तर उन्हाळ्यात पाऊण युनिट सहज भरून येतं, आषाढ-श्रावणात त्याच्या निम्म्याचाही भरवसा धरू नये. एसीचा मोह टाळावा. छताला खालून इन्सुलेशन आणि हवा बाहेर फेकणारा एक पंखा, इतकं कोकणातल्या रात्रीला पुरतं. पाण्याची टाकी ६० लिटरपेक्षा मोठी नको, कारण तेवढंच पाणी ६० किलोचं होतं. गॅसचा सिलिंडर बंद कप्प्यात, तळाला हवा जाण्याचं भोक ठेवून, कारण एलपीजी जड असतो आणि खाली साचतो.

खरी अडचण गॅरेजबाहेर आहे. केंद्राने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राहिलेली, मोठे फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. १९६९ च्या आणि सत्तरीच्या सुरुवातीच्या मॅटाडोर आता या वयाला पोहोचल्या आहेत. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांना. म्हणजे मूळ रूप जपलं तर गावी जाता येत नाही. उलट साधी खासगी गाडी म्हणून ठेवली, तर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि पुनर्नोंदणी. २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीला त्याचे १०,००० रुपये पडतात. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नकोत. ब्रेक, वायरिंग, सीट बेल्ट सुधारून गाडी आधीपेक्षा सुरक्षित करणाऱ्यालाच कागदांच्या मागे पळावं लागतं.

दुसरीकडे राज्य सरकारने २०२१ मध्येच कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे मानकही आहे, पण ते नवी गाडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं. जुन्या देशी गाडीची तपासून, सुधारून, खासगी कॅम्पर म्हणून नोंद करायची सोपी वाट हवी. तपासणी कडक ठेवा, धुराची मर्यादा कडक ठेवा, मालक तक्रार करणार नाहीत. पण वाट ठेवा.

काळाचौकीतच इंडिया युनायटेड मिलच्या २-३ क्रमांकाच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम हाती घेतलं. माग तिथे काचेमागे ठेवावे लागणार, कारण ते चालवणारी गिरणी उरली नाही. मॅटाडोरवर ती वेळ आलेली नाही. रस्ता आहे, सुटे भाग आहेत, हात आहेत.

तुमच्या गावच्या मांगराशेजारी, सोसायटीच्या मागच्या भिंतीला, मंडळाच्या शेडमध्ये एखादी मॅटाडोर टायर बसून उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. आरसी बुक शोधा. चासीवरचा नंबर घासून वाचा आणि बुकाशी जुळवून बघा. जुनं परमिट किंवा कर्जाचा बोजा बाकी असेल तर तो आरटीओत रीतसर उतरवून घ्या. मग छताच्या पन्हळीवर आणि पायरीवर हातोडीचा दांडा ठोका. कागद जुळत असतील आणि चासी खणखणत असेल, तर ती विकू नका. आणि तुम्हाला स्वतःला जमणार नसेल, तर निदान जो ती चालती करेल अशाच माणसाला द्या.